मोटर तापते, हवेत मधेच पॉवर जाते: आरसी विमानाची मोटर बदलायच्या आधी हे बघा

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी रिमोटवर उडणारं विमान काखेत मारून येतं आणि तेच वाक्य म्हणतं, "मोटर खराब निघाली, दुसरी कुठली घेऊ?" इतक्या वेळा हे झालंय की आता मी मोटरकडे आधी बघतच नाही, सरळ प्रॉपवर, म्हणजे पंख्यावर, छापलेला आकडा वाचतो. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते.

एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातं. पेट्रोल किंवा ग्लो इंजिनाला झेपणार नाही एवढा प्रॉप लावला तर ते कुंथतं, आरपीएम (मिनिटाला फेरे) पडतात आणि ते तिथेच थांबतं. इलेक्ट्रिक मोटर तशी नाही. तिच्यावर केवढाही प्रॉप लावा, ती आपले आरपीएम टिकवायला धडपडते, त्यासाठी लागेल तेवढा करंट ओढते आणि तक्रार न करता जळते. करंट किती जाणार हे मोटर ठरवत नाही, प्रॉप ठरवतो. म्हणून "३० अँपची ईएससी लावलीये तरी तापते" हे वाक्य अर्धवट आहे (ईएससी म्हणजे बॅटरी आणि मोटरच्या मध्ये बसून मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), त्यात प्रॉप कुठेच नाही.

आधी लक्षणं. नुसतं "बंद पडते" म्हणून चालत नाही, कशी बंद पडते ते सांगा, कारण त्यातच निम्मं उत्तर असतं.

– उडून काही मिनिटं झाली की मोटर मंदावते किंवा बंद होते, सर्व्हो (पंखांच्या आणि शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मात्र व्यवस्थित चालतात, थ्रॉटलची काडी (रिमोटवरची वेगाची दांडी) पूर्ण खाली आणून परत वर केली की थोडा वेळ चालते आणि पुन्हा जाते. हा ईएससीचा लो व्होल्टेज कटऑफ. ईएससी तुमची बॅटरी वाचवतीये, तिला शिव्या देऊ नका.

– मोटर गेली ती काडी वरखाली करूनही परत येत नाही, विमान उतरवलं, गप्पा मारत दहा मिनिटं बसलात आणि मग लावलं तर काही झालंच नाही अशी चालते. ईएससी तापून स्वतःला बंद करतीये.

– मोटर आणि सर्व्हो दोन्ही क्षणभर मेले आणि मग ईएससीची सुरुवातीची ट्यून परत वाजली. हे सगळ्यात वाईट. रिसीव्हरचा (विमानात रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाचा) सप्लाय जातोय, म्हणजे बीईसीवर, ईएससीतून रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणाऱ्या भागावर, जास्त भार पडतोय. हे एकदा जरी झालं तरी कारण सापडेपर्यंत विमान पुन्हा उडवायचं नाही.

– काडी वर केली की मोटर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, कधी हाताने धक्का दिला की फिरते. ईएससीकडून मोटरला जाणाऱ्या तीनपैकी एक वायर नीट जोडलेली नाही.

– हळूहळू काडी वर नेली तर ठीक, झटकन नेली की किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि ताकद जाते. मोटर आणि ईएससीचा ताल चुकतोय.

– काहीच बंद पडत नाही, फक्त विमान उतरल्यावर मोटरला हात लावता येत नाही आणि पूर्वी आठ मिनिटं चालणारा बॅटरी पॅक आता पाच मिनिटांत संपतो. याकडे कोणीच लक्ष देत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या मोटरींचा इतिहास विचारला तर बऱ्याचदा हाच निघतो.

आता तपासणी. पण त्याआधी, वॉटमीटरचा आणि प्रत्यक्ष उडवायचा भाग सोडला तर खालचं सगळं प्रॉप काढून करायचं. "फक्त एकदा बीप ऐकतो" म्हणून प्रॉपसकट बॅटरी जोडली आणि ट्रान्समीटरवर काडी वर राहिली होती, त्याची आठवण माझ्या उजव्या हाताच्या बोटावर तीन टाक्यांची आहे. तेव्हापासून माझ्या टूलबॉक्समध्ये प्रॉपचा पाना सगळ्यात वर असतो.

पहिली तपासणी फुकटची, बोटाने करायची. विमान उतरलं की लगेच चार जागी हात लावायचा: मोटर, ईएससी, बॅटरी आणि बॅटरीचा कनेक्टर. प्रॉप थांबल्यावर आणि बॅटरी काढल्यावर, हे सांगायला नको. ज्या जागी बोट चारपाच सेकंद आरामात ठेवता येत नाही ती जागा साधारण ६० अंशांच्या आसपास किंवा वर गेलीये असं धरायचं. आता कोण तापलंय ते बघा. मोटर एकटी किंवा मोटर आणि ईएससी दोन्ही तापले तर प्रॉप मोठा आहे किंवा सेल जास्त आहेत. ईएससी एकटीच तापली तर हवा मिळत नाही, बीईसीवर भार आहे, नाहीतर तिची क्षमता कमी पडतीये. बॅटरी एकटी तापली आणि जराशी फुगल्यासारखी लागतीये तर ती म्हातारी झालीये. आणि नुसता कनेक्टर तापला असेल तर अभिनंदन, सोल्डरिंगवर भागेल.

मोटर तापण्याची भीती कशाला, थंड होईल की, असं म्हणणारेही भेटतात. होत नाही तसं. मोटरमधली निओडिमियमची चुंबकं साधारण ८० अंशांच्या पुढे गेली की त्यांची ताकद कायमची कमी व्हायला लागते, नक्की कुठे ते चुंबकाच्या ग्रेडवर. चुंबक कमजोर झालं की मोटरचा केव्ही (एका व्होल्टला किती आरपीएम तो आकडा) वाढतो, म्हणजे त्याच व्होल्टेजला ती जास्त जोरात फिरायला बघते आणि तेवढ्याच ताकदीसाठी जास्त करंट खाते, जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, आणि चुंबक अजून कमजोर. म्हणून एकदा भाजलेली मोटर नंतर योग्य प्रॉपवरसुद्धा गरम राहते आणि माणूस म्हणतो "मी तर सगळं बरोबर लावलंय". आत्ता बरोबर लावलंय हो, पण आधी?

दुसरं, बॅटरी. सेल चेकर बॅलन्स वायरला (प्रत्येक सेलमधून बाहेर आलेल्या बारीक वायरींच्या प्लगला) लावा आणि प्रत्येक सेल वेगळा बघा, एकूण व्होल्टेज फसवतं. ३एस, म्हणजे तीन सेलचा, पॅक पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे सेलला ४.२. उतरल्यावर दोन सेल ३.७ आणि एक ३.३ दिसला तर तो एक सेल सगळ्या पॅकला खाली ओढतोय, हवेत भार पडला की तो अजून खाली जातो आणि ईएससी मोटर तोडते. अशा वेळी मोटर बदलून उपयोग काय? दुसऱ्याचा चांगला पॅक मागून एक फ्लाइट करा, रोग गेला तर रोग बॅटरीत होता. आणि अर्धवट उतरलेला पॅक जोडून उडवू नका, बऱ्याच ईएससी जोडताक्षणी व्होल्टेज बघून सेल मोजतात आणि पॅक उतरलेला असेल तर अंदाज चुकू शकतो, मग कटऑफ भलत्याच जागी लागतो. ईएससीचं बॅटरी सेटिंग चुकून निकेलवाल्या बॅटरीचं राहिलेलं मी दोनदा बघितलंय. त्यात कटऑफ इतका खाली असतो की लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) मरेपर्यंत मोटर चालतच राहते, मालक खूश, "वा काय मस्त टायमिंग मिळतंय", आणि आठवड्यात पॅक फुगून त्याची उशी.

तिसरा प्रॉप, आणि इथे जरा थांबा. तो उलटा तर लावला नाही ना? हसू नका. आकडे छापलेली बाजू पुढे, म्हणजे विमान जिकडे जातं तिकडे हवी, मग मोटर पुढून ओढणारी असो की मागून ढकलणारी. उलटा लावला तरी थोडा थ्रस्ट (ओढ) येतो म्हणून लक्षात येत नाही, माणूस फुल थ्रॉटलवर रखडत उडवत राहतो आणि म्हणतो मोटरमध्ये दम नाही. मग प्रॉप मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, धरणारा अडॅप्टर बघा. कॉलेट अडॅप्टर सैल असला की शाफ्ट आतल्या आत घसरतो, आवाज भरपूर आणि ओढ काहीच नाही. पातीच्या टोकाला चीर असेल किंवा बॅलन्स नसेल तर विमान थरथरतं आणि ती थरथर बेअरिंग खाते, असा प्रॉप फेकून द्या, चिकटवू नका.

आता आकडा. १०×४.५ म्हणजे व्यास १० इंच आणि पिच ४.५, एका फेऱ्यात तो कागदावर साडेचार इंच पुढे जातो. व्यास एकेका इंचाने वाढवताना आपल्याला वाटतं एकच तर इंच आहे. पण प्रॉप फिरवायला लागणारी पॉवर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. ९ चा १० केला तर त्याच आरपीएमला साधारण दीडपट पॉवर. ८ चा १० केला तर जवळजवळ अडीचपट. पिच वाढवली तर वाढ साधारण त्याच प्रमाणात होते, ती एवढी घातक नाही. आरपीएमचं गणित घनाचं आहे, म्हणून तीच मोटर आणि तोच प्रॉप ठेवून ३एसच्या जागी ४एस लावली की व्होल्टेज एकतृतीयांशाने वाढतं, पॉवर मात्र कागदावर दुप्पटीच्याही वर जाते आणि करंट पावणेदोन पटीच्या आसपास. "एक सेल वाढवला, जरा जोर येईल" म्हणणाऱ्याच्या मोटरीतून धूर का येतो ते कळलं ना. करंट दीडपट झाला तर वाइंडिंगमधली (तांब्याच्या वेटोळ्यातली) उष्णता सव्वादोन पट होते, तिथे वर्गाचं गणित.

अजून एक. पातळ पात्याचे स्लो फ्लाय प्रॉप हळू आरपीएमसाठी असतात. एपीसी कंपनी त्यांच्या स्लो फ्लाय प्रॉपसाठी ६५,००० भागिले इंचातला व्यास अशी आरपीएमची मर्यादा देते, म्हणजे १० इंचाला ६,५०० आरपीएम. १००० केव्हीची मोटर ३एसवर त्याच्या पुढे सहज जाऊ शकते. मोटर तापण्याशी याचा संबंध नाही, पण पातं तुटून उडालं तर कोणाच्या तोंडावर जाईल याच्याशी आहे.

चौथं, हवा. फोमच्या विमानात ईएससी पोटात कोंबतात, वर वेल्क्रो, त्यावर बॅटरी, आणि मग हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) श्रिंक ट्यूब. घामाघूम होणार नाही तर काय. पुढून हवा आत यायला भोक हवं आणि मागून बाहेर जायला त्याहून मोठं, साधारण दुप्पट. आत येणारी हवा गरम होऊन फुगते आणि बाहेर पडायला जागा नसेल तर आतही येत नाही. कटरने दोन मिनिटांचं काम आहे आणि तापून बंद पडणाऱ्या कितीतरी ईएससी यानेच परत कामाला लागल्यात.

पाचवं, मोटर हाताने फिरवा आणि मागचे स्क्रू बघा. याची एक गोष्ट सांगायलाच हवी. एका मित्राची मोटर टेबलावर अर्ध्या थ्रॉटलपर्यंत लोण्यासारखी चालायची आणि फुल केली की झटके देऊन थांबायची. त्याने ईएससी बदलली, बॅटरी बदलली, तरी तेच. माझ्याकडे आल्यावर मी मोटर माउंटवरून काढली तर मागच्या भोकातून आत बघताना तांब्याच्या वेटोळ्यावर तांदळाच्या कणीएवढा काळा ठिपका दिसला. आधी त्याचा माउंट जाड प्लायवूडचा होता, तो क्रॅशमध्ये तुटला म्हणून त्याने पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली आणि स्क्रू मात्र जुनेच. प्लायवूडमध्ये जी लांबी खपत होती ती आता मोटरच्या आत शिरली. जेमतेम दोन मिलिमीटर. स्क्रूच्या टोकाने वायरवरचा एनॅमल खरवडला, मोटर थंड असताना चालायचं, गरम होऊन सगळं जरा फुगलं की तांबं स्क्रूला टेकायचं आणि शॉर्ट. बरोबर लांबीचा स्क्रू लावायचा असेल तर आधी मोटर माउंटवर ठेवून स्क्रू हाताने फिरवत न्या, जिथे टेकल्यासारखं वाटतं तिथून मागे या, आणि मोटरच्या तळाच्या जाडीपेक्षा आत काही जाऊ देऊ नका. त्या मोटरला मात्र उपाय नव्हता.

हाताने फिरवताना ठराविक अंतरावर अडतंय ते चुंबकांचं, ते नॉर्मल. पण वाळू घातल्यासारखं खरखर वाटलं तर बेअरिंग गेलं, आणि फिरती बाहेरची डबी, तिला बेल म्हणतात, ती आतल्या स्थिर भागाला, स्टेटरला, घासतीये असं ऐकू आलं तर चुंबक सुटलंय किंवा शाफ्ट वाकलाय. चुंबक सुटलेली मोटर पुन्हा एकदा "बघूया" म्हणून फुल थ्रॉटलला नेऊ नका.

सहावं, सेटिंग. थ्रॉटल कॅलिब्रेशन केलेलं नसेल तर ईएससीला तुमच्या ट्रान्समीटरचं शून्य आणि फुल कुठे आहे ते माहीतच नसतं. काडी पूर्ण वर, मग बॅटरी जोडायची, बीप आला की काडी पूर्ण खाली, परत बीप, झालं. बहुतेक ईएससींत हीच पद्धत, तरी तुमच्या ईएससीचा कागद एकदा वाचा. प्रॉप काढलाय ना? ब्रेक फक्त घडी होणाऱ्या प्रॉपला, बाकीच्यांनी तो बंद ठेवायचा. टायमिंगचं सेटिंग किंचाळणाऱ्या मोटरचं औषध आहे: लो वर असेल तर मीडियम करून बघा, आउटरनरना (बाहेरची डबी फिरते त्या मोटरींना) बहुधा मीडियम मानवतं. हाय टायमिंगने थोडे आरपीएम वाढतात पण करंट आणि उष्णताही वाढते, "जास्त पॉवर मिळते म्हणे" म्हणून हाय करून ठेवलेले खूप भेटतात. काही ईएससींत काडी झटकन नेली तरी मोटर हळू उचलायचं सेटिंग असतं, मोठ्या प्रॉपला ते सॉफ्ट ठेवलं की ताल चुकणं बऱ्याचदा थांबतं.

मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. तीनपैकी! बॅटरीच्या लाल-काळ्याची अदलाबदल केली तर ईएससी त्याच सेकंदाला जाते, हे लिहायची गरज नाही असं मला वाटायचं, आता वाटत नाही.

सातवं, सोल्डर. बुलेट कनेक्टर (मोटरच्या वायरींची गोल टोकं) धरून वायर हळूच ओढा आणि हलवा. चांगलं सोल्डर चकचकीत आणि वायरीत मुरलेलं दिसतं. राखाडी, दाणेदार, गोळ्यासारखं वर बसलेलं असेल तर ते कोल्ड सोल्डर, वरवर चिकटलंय, आत जोड नाही. बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरचं पिवळं प्लास्टिक पिनपाशी तपकिरी झालेलं दिसलं तर तिथे पूर्वीच आग लागायची बाकी होती. थरथरणाऱ्या मोटरचं कारण तर मी सगळ्यात आधी इथेच शोधतो. आणि लांबी कमी पडली म्हणून वायर वाढवायचीच असेल तर ईएससी ते मोटर ही बाजू वाढवा, बॅटरी ते ईएससी नको. बॅटरीकडची वायर लांबली की व्होल्टेजचे झटके वाढतात, ते ईएससीच्या आतल्या कपॅसिटरवर येतात आणि तो एक दिवस फुटतो. वाढवावीच लागली तर जादा कपॅसिटर लावावे लागतात, ते माहितगाराकडून करून घ्या.

आठवं, वॉटमीटर. इथपर्यंत सगळं फुकट किंवा चिल्लर होतं, आता एक साधन लागेल, पण नव्या मोटरपेक्षा आधी हे घ्या, नाहीतर मागून आणा. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडायचं, विमान घट्ट बांधायचं किंवा कोणाला तरी मागून धरायला लावायचं, प्रॉपच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, पूर्ण चार्ज पॅक, फुल थ्रॉटल, दहा सेकंद. तीन आकडे लिहून घ्या: अँपिअर, वॉट आणि भाराखालचं व्होल्टेज.

माझ्या वहीतलं एक उदाहरण. २२१२ मोटर, १००० केव्ही, ३एस, १०×४.५ प्रॉप, ३० अँपची ईएससी. ही जोडी इतकी चालते की लोक डोळे झाकून लावतात. मीटरवर आले साडेसोळा अँपिअर. ईएससीला काहीच झालं नाही, ती ३० ची होती. पण त्या मोटरच्या कागदावर लिहिलं होतं १२ अँपिअर, तेही ६० सेकंदच. म्हणजे ईएससी थंड, बॅटरी थंड आणि मोटर भाजलेली, नेमकं हेच लक्षण घेऊन विमानाचा मालक आला होता. ९×४.५ लावला, साडेअकरा अँपिअर. थ्रस्ट थोडा कमी झाला, पण विमान हलकं होतं, आरामात उडालं. मोटर तीच, आजही चालू आहे.

आकडे वाचायचे कसे? अँपिअर मोटरच्या सलग क्षमतेच्या आत हवेत. ईएससीवर लिहिलेल्या आकड्याच्या २० ते २५ टक्के खाली राहा, ३० ची असेल तर २३-२४ च्या पुढे नको. "मी अर्ध्या थ्रॉटलवरच उडवतो" हा बचाव चालत नाही, कारण अर्ध्या थ्रॉटलला ईएससी करंट सलग सोडत नाही, चालू-बंद चालू-बंद करते आणि त्या कामात तिला स्वतःला वेगळी उष्णता येते. हवेत विमान पुढे जायला लागलं की करंट जमिनीपेक्षा थोडा उतरतो, तो बोनस समजा, हिशोबात धरू नका. व्होल्टेज बघा: ताजा ३एस पॅक फुल थ्रॉटलला ११ च्या आसपास किंवा वर टिकला तर ठीक, १० च्या खाली गेला तर पॅक कमजोर आहे, मग त्यावर ३०सी लिहिलेलं असो की ६०सी. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट, म्हणून २२०० एमएएच (२.२ अँपिअर-तास) ३०सी म्हणजे कागदावर ६६ अँपिअर, पण ते कागदावर.

नववं, बीईसी, ज्यांचे सर्व्हो आणि मोटर एकदम मरतात त्यांच्यासाठी. साध्या ईएससीतला बीईसी लिनिअर असतो, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज तो उष्णता करून टाकतो. ३एसवर १२.६ चे ५ करताना सर्व्होंनी एक अँपिअर घेतला तर साडेसात वॉटची उष्णता, ४एसवर तेच १६.८ चे ५, म्हणजे जवळजवळ १२ वॉट. नखाएवढ्या चिपमध्ये. म्हणून ४एसवर कागदावर सर्व्होंची संख्या कमी दिलेली असते. आधी सर्व्हो हाताने मोकळे फिरतात का बघा, एखादा अडकून गुणगुणत असेल तर तोच सगळं खातोय. नसेल तर वेगळा स्विचिंग (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत न घालवणारा) बीईसी लावा आणि ईएससीच्या रिसीव्हरकडे येणाऱ्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावा.

दहावं, खरंच मोटर गेलीये का. ईएससीपासून तिन्ही वायरी सोडवा आणि शाफ्ट फिरवा, मोकळा फिरायला हवा. मग दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून फिरवा, जड लागेल. तिन्ही जोड्या अशा करून बघा, तिन्ही सारख्याच जड हव्यात. काहीच टेकवलेलं नसताना जड लागत असेल तर वाइंडिंग आतल्या आत शॉर्ट आहे. एखाद्या जोडीत जडपणा येतच नसेल तर वायर आत तुटलीये. मल्टिमीटरने वायरींमधला रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, तो इतका कमी असतो की साधा मीटर तिन्हीकडे तेच दाखवतो. मीटरचा उपयोग एवढाच की एक टोक वायरीला आणि दुसरं मोटरच्या धातूला लावा, बीप आला तर मोटर गेली.

आणि आता, गेलीच असेल तर, नवी निवडताना तीच चूक परत नको. २२१२ हा स्टेटरचा आकार आहे, २२ मिमी व्यास आणि १२ मिमी उंची. काही कंपन्या बाहेरचं माप लिहितात, २२१२ चा बाहेरचा व्यास २८ च्या आसपास भरतो, त्यामुळे २८ ने सुरू होणारं नाव बघून ती मोठी मोटर समजू नका. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही, भार नसताना एका व्होल्टला किती आरपीएम ते. जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. त्याच २२१२ मध्ये १०००, १४००, २२०० असे केव्ही मिळतात, आणि २२०० वाली ६ इंची छोट्या प्रॉपसाठी असते. तिला "जास्त पॉवरवाली" समजून १० इंची प्रॉप लावलेला मी बघितलाय, पहिल्याच फुल थ्रॉटलला वार्निशचा वास.

उलट्या बाजूने चला. विमान उडायच्या तयारीत, बॅटरीसकट, वजन करा. शांत ट्रेनरला किलोमागे १५० ते २०० वॉट, स्पोर्ट विमानाला २२० च्या आसपास, थ्रीडी कसरतींना ३५० आणि वर. मोटर किती वॉट झेपवेल याचा ढोबळ अंदाज तिच्या वजनावरून, ग्रॅममागे ३ वॉट. ५० ग्रॅमच्या मोटरला १५० वॉट, म्हणजे किलोभराच्या स्पोर्ट विमानाला ती पुरणार नाही, तुम्ही कितीही प्रॉप बदला. मग किती मोठा प्रॉप विमानात बसतो ते बघा, जमिनीला लागता कामा नये, आणि शेवटी त्या प्रॉपला आणि सेलला शोभेल असा केव्ही. मोठा प्रॉप तर कमी केव्ही, छोटा आणि वेगाचा तर जास्त. वेगाचा अंदाज: आरपीएम गुणिले इंचातली पिच गुणिले ०.००१५२४, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. ८,००० आरपीएमला ४.५ पिच म्हणजे ५५ च्या आसपास. तुमचं विमान हवेत टिकायलाच ४० मागत असेल तर हा प्रॉप त्याला रडतखडत नेणार, तिथे पिच वाढवायची, व्यास नाही. नवी मोटर लावल्यावर पुन्हा वॉटमीटर, मगच उडवायचं.

कुठे थांबायचं तेही सांगतो. फुगलेला, ठेचलेला किंवा गोडसर वास येणारा लिपो दुरुस्त होत नाही, टोचून हवा काढायचे प्रयोग करू नका, आग लागते. तो घराबाहेर न जळणाऱ्या भांड्यात ठेवा आणि बॅटरीचा कचरा घेणाऱ्यांकडे द्या. एकदा धूर निघालेली ईएससी नंतर चालली तरी विमानात लावू नका, तिच्याच बीईसीवर तुमचा रिसीव्हर चालतो. मोटरला रिवाइंड करणारी माणसं असतात, मोठ्या महागड्या मोटरला ते परवडतं, छोटीला नाही, आणि घरी पहिल्यांदा करायचं असेल तर मेलेल्या मोटरवर शिका. जाड वायरीवर एक्सटी९० किंवा मोठे बुलेट सोल्डर करायला तुमची छोटी सोल्डरिंग गन पुरत नसेल तर जोर लावून बघू नका, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे न्या. सहा सेलच्या वरची सेटअप असेल, किंवा दहावी तपासणी होऊनही सर्व्हो आणि मोटर एकदम मरत असतील, तर अनुभवी माणसाला विमान दाखवल्याशिवाय ते हवेत न्यायचं नाही.

मला विचारायचं असेल तर विचारा, पण प्रश्नासोबत हे लिहा: मोटरचा आकार आणि केव्ही, सेल किती, प्रॉपचा आकडा, उडतं वजन, आणि वॉटमीटरचे तीन आकडे. "मोटर तापते, उपाय सांगा" एवढंच लिहिलंत तर मी फक्त प्रॉपचा आकडा विचारणार आहे.